वरपक्षाचा माणूस

आमच्याकडं वरपक्षाच्या माणसाला 'तुम्ही कोण?' असं विचारून बघा. लग्न टिकलं तर नशीब समजा. वऱ्हाडातला कुणीही असो, त्याला चहा द्यायचा, हात जोडायचे आणि तो म्हणेल त्याला 'हाव' म्हणायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. चोरांनाही असतं, हे मला माझ्याच लग्नात कळलं.

लग्न अहमदपूरला, आमच्या गावी, एका मंगल कार्यालयात होतं. वऱ्हाड हिमायतनगरहून आलेलं. त्यात एक पन्नाशीचा माणूस सगळीकडं दिसायचा. केशरी फेटा, कपाळाला गंध, कानाला फोन. आचाऱ्याला म्हणायचा, भजी गरम येऊ द्या. बँडवाल्यांना म्हणायचा, जरा दमानं. माझ्या बाबांनी त्याला स्वतः चहा नेऊन दिला आणि काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या म्हणाले. त्यानं सांभाळून घेतो म्हणून सांगितलं.

मुहूर्ताला थोडा वेळ होता. मी नवरीच्या खोलीत तयार होऊन बसले होते, फक्त दागिने घालायचे राहिले होते. आई आत आली.

"सोनं आणून दिलं का गं?"

"कुणी?"

"त्या फेटेवाल्या पाहुण्यांनी. तुझ्या चुलत सासऱ्यांना बघायचं होतं म्हणून पिशवी वर घेऊन गेलेत."

चुलत सासरे तर खिडकीतून समोर दिसत होते, खाली मांडवात पान खात. मी बोट दाखवलं. आईनं पाहिलं आणि बाबांना हाक मारली.

बाबा वर धावले. वरच्या खोलीत गाद्यांचा ढीग होता, माणूस कुणी नव्हता. चुलत सासऱ्यांनी काही मागवलंच नव्हतं. ते म्हणाले, "कोण फेटेवाला? तो तर तुमचा माणूस. आम्हाला पाणी विचारून राहिला होता सकाळपासून."

आमच्या लोकांना तो त्यांचा वाटला, त्यांच्या लोकांना आमचा. ना त्यांनी विचारलं, ना आम्ही.

मग नवऱ्याची आत्या दारात येऊन उभी राहिली. आवाज खाली करायची तसदीही तिनं घेतली नाही. "सोनं व्हतं तरी का? का बैठकीत कबूल करून आता हे नाटक?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. लुटलं आम्हाला, आणि फसवणारेही आम्हीच ठरत होतो. बाहेर वरपक्षाचे पुरुष घोळका करून कुजबुजत होते, भटजी घड्याळ बघत होते. लग्न मोडायला आलं होतं. मोडलं तर मोडू दे, असंच मला त्या क्षणी वाटलं. काळजी होती ती आईची. ती कोपऱ्यात उभी राहून एकच बोलत होती, "मी माझ्या हातानं दिलं." आणि जो तो तिलाच विचारत होता, दिलंच कसं? नाव तरी विचारायचं. बाबांनीसुद्धा विचारलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. तोवर त्या आमच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आत्याकडं बघून म्हणाल्या, "उगं तोंड नको चालवू. मीबी त्याला टावेल-टोपीचा आहेर केलाय, नवरीचा मामा समजून. फसलो ते दोघंबी फसलो. चला, मुहूर्त निघून चाललाय."

अक्षता पडल्या. मंगळसूत्र सासरचं होतं, तेवढंच अंगावर सोनं. पोलिसांत तक्रार दिली. तो माणूस सापडला नाही आणि पिशवीही नाही.

पण आईचा पिच्छा कुणी सोडला नाही. बारशाला, वास्तुशांतीला, कुठंही चार बायका जमल्या की विषय निघतोच: एवढ्या शहाण्या तुम्ही, आणि दिलंच कसं? आई हसून उठून जाते. मागच्या दिवाळीत माझंही डोकं फिरलं आणि मी तिला तेच विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"पहाटेपासून मी उभी होते. तुझ्या सासरचं एक माणूस माझ्याशी धड बोललं नव्हतं. त्यानं खुर्ची आणून ठेवली. म्हणाला, ताई, बसा जरा, पोरगी आता आमची हाय, तुम्ही काळजी सोडा. मला वाटलं, चांगल्या घरी पडली माझी लेक."