दोघांचाही मान राखणारा मामा

भुसावळ सुटलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात. या खेपेला त्या पाहून जीव घाबराघुबरा झाला, कारण मामीचा फोन आला होता, "एकदा येऊन जा गं. ह्यांना बागेतसुद्धा चक्कर येते, आणि ऐकतील तर तुझंच."

बऱ्हाणपूरला उतरले, तर मामा मोटारसायकल घेऊन हजर! चक्कर येणाऱ्या माणसामागे बसून सिंधीपुऱ्यातल्या घरापर्यंत जाताना मला सगळे देव आठवले. वाटेत त्यानं माझ्यासाठी मावा जलेबी (खव्याची जाडजूड, काळपट जिलबी) घेतली. स्वतः नुसता वास घेतला. "शुगर आहे ना मला," हे अशा थाटात म्हणाला, की जणू सरकारनं पदक दिलंय.

मामी पोळ्या लाटता लाटता हळूच बोलली. "दिवसभर बागेत एकटेच असतात. केळीत पडले तर दिसायचेसुद्धा नाहीत गं."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. मामा तिथे डॉक्टरांकडेही जायचा आणि वैद्यांकडेही, पण वेगवेगळ्या वारी. आता ते दोघं पेशंटला एकत्र तपासू लागलेत, हे त्याला कुठे ठाऊक! दोघांना एकाच टेबलाशी पाहून स्वारी दारातूनच परत फिरली. मामीनं दंड धरून आत बसवलं.

त्यांनी शुगर पाहिली, आडवं आणि उभं करून बीपी मोजलं, काय खाता, कधी खाता, सगळं विचारलं. तेव्हा कुठे बाहेर आलं, की सकाळी डॉक्टरांची गोळी, तिच्यावर वैद्यांचं चूर्ण, आणि शुगर म्हणून दुपारपर्यंत उपाशी!

"अहो काका, दोन्हीकडून साखर उतरवताय, मग चक्कर येणारच," डॉक्टर म्हणाले. "सांगितलं का नाही?"

"कसं सांगू साब? तुम्हाला सांगतो तर वैद्यजींना बुरा वाटेल, त्यांना सांगतो तर तुम्हाला."

आम्ही सगळे हसलो. मामी हसली नाही.

"यांना बुरा वाटेल, त्यांना बुरा वाटेल! आणि तुम्ही तिकडे बागेत पडून राहाल, तर मला काय वाटेल?" म्हणाली आणि रडायलाच लागली.

"चूर्ण आजपासून बंद," वैद्य म्हणाले, "आणि मला बिलकुल वाईट वाटलेलं नाही." डॉक्टरांनी गोळीआधी न्याहारी सांगितली आणि आठवड्यानं पुन्हा बोलावलं.

परतल्यावर सगळे विचारतात, बऱ्हाणपुरात काय पाहिलंस? किल्ला राहिला बाई. पण माझा मामा भर बाजारातून मामीचा हात धरून चाललेला पाहिला. आणि त्याला तेव्हा चक्कर येत नव्हती.