अडखळ काढलेला आवाज

स्टुडिओचं जाड दार लागलं की बाहेरचं कोल्हापूर विरघळून जातं. रिक्षांचे हॉर्न, दुधाच्या गाड्या, रस्त्यातली हमरीतुमरी, काहीच आत येत नाही. भिंतींवर भोकाभोकांच्या फळ्या आहेत, त्या आवाज पिऊन टाकतात. दुपारच्या प्रसारणसभेआधी तिथे एकटा बसलो की वाटतं, इथे बोलून गेलेली माणसं त्या भोकांत अजून आहेत. हळू श्वास घेत.

मी रेडिओवर निवेदक आहे, शेतकऱ्यांचा कार्यक्रमही मीच करतो. बोलण्यावर पोट भरतं, पण स्वतःबद्दल घरातसुद्धा मी फारसं बोललेलो नाही. हे एक मात्र सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी कुरुंदवाडचे एक शेतकरी मुलाखतीला आले होते. पुराचा गाळ बसलेल्या रानात वांगी कशी धरायची, हा विषय. माणूस जाणता, पण बोलताना अडखळायचे. ‘व, व,’ मग मोठी शांतता, मानेची शीर ताठ, आणि एकदम ‘वांगं’ बाहेर यायचं, बुडी मारलेल्यानं नदीतून डोकं वर काढावं तसं.

“निवांत बोला काका,” मी म्हणालो, “आम्ही नंतर नीट करून घेतो.”

नीट केलंच. संगणकाच्या पडद्यावर आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो. मधली शांततेची सपाट मैदानं मी कापली, फुटलेली अक्षरं कापली, श्वाससुद्धा ठेवले नाहीत. मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकलं. जागा करायला आम्ही तसंच करतो. प्रसारणात काका कसे सरळ वाहत होते! सहकारी वाहवा करत होते, आणि मला वाटत होतं, आपण एका माणसाला बरं केलं.

पुढे एका थेट कार्यक्रमात काकांचा फोन लागला. “न-नमस्कार साहेब. आमच्या ग... ग...” आणि शांतता. रेडिओवरच्या शांततेची आम्हा लोकांना फार भीती. ऐकणाऱ्याला वाटतं, केंद्रच बंद पडलं. माझ्या कानात त्यांचा श्वास स्पष्ट येत होता, शब्द अगदी ओठांशी आला होता. मी त्यांच्या आवाजाचं बटण खाली ओढलं.

“संपर्क तुटलेला दिसतोय, श्रोतेहो,” म्हणालो आणि गाणं लावलं.

संपर्क तुटला नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी केंद्रावर आल्या. हातात कापडी पिशवी, पायांवर एसटीची धूळ.

“आमचं मालक वारलं की, साहेब. फोटो ढीग हाईत, पर आवाज कुठंच न्हाय. तुमच्याकडं असंल म्हणून आलोय.”

मी त्यांना स्टुडिओत बसवलं आणि तो कार्यक्रम लावला. मान जरा कलती करून त्या ऐकत राहिल्या.

“ह्ये कोन?”

“काकाच आहेत, ताई.”

“मला सांगताय व्हय! आवाज त्यांचाच, पर मानूस न्हवं.” पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली. “ह्ये ऐकून पारावरची मानसं म्हनायची, रेडिओवर फाडफाड बोलतोस आन् आमच्याम्होरं सोंग करतोस व्हय रं? लई चेष्टा केली. मग त्यांनी बोलायचंच कमी केलं. म्हनून तर फोन लावलेला तुमास्नी. गावाला सांगतो म्हनाले, साहेबांनी सरळ केलंय, मी हाय तसाच हाय. तर फोन तुटला.”

“तुटला नव्हता,” मी म्हणालो. “मी बंद केला.”

आजवर हे मी उच्चारलं नव्हतं. त्या खोलीत शब्दाला प्रतिध्वनी नसतो, एकदा गेला की गेला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. दिव्याच्या पिवळ्या उजेडात त्यांचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा दिसत होता.

“का?”

“मला थांबता आलं नाही.”

“एवढं काय अवघड हाय त्यात? मी सारा जलम थांबलो की.”

मग म्हणाल्या, “परत लावा.”

मी लावलं. पहिल्याच वाक्यात त्यांनी हात वर केला. “हितं थांबवा.” मी थांबवलं. त्यांचे ओठ किंचित हलले, बोटं पिशवीच्या बंदात रुतली, जणू कुणाचा तरी हात धरलाय. “हां. आता.” मी बटण दाबलं. ‘वांगं,’ म्हणाले काका. “हितं बी.” पुन्हा थांबलो. दर खेपेला थांबणं वेगळं होतं, एखादं लहान, एखादं इतकं लांब की खोली तरंगायला लागावी. मी जे मैदान म्हणून कापलं होतं, त्यातून त्या एकेका पावलानं चालत होत्या, आणि मी मागून.

बाहेर सभा सुरू झाली असणार, माझ्या जागी कुणीतरी बोलत असणार. मला उठावंसं वाटलं नाही.

गाळाबद्दल सांगताना एका जागी त्यांनी हात वर केला. मी थांबवलं. या वेळी त्या ‘आता’ म्हणाल्याच नाहीत. मीही बटणाला हात लावला नाही.