गिलावा नसलेला देव

संपाचं दुसरं वर्ष लागलं तोवर आईचे मुंबईतले सगळे देव करून झाले होते. एकालाही गिरणीचं कुलूप उघडता आलं नव्हतं. आई तेव्हा शीवच्या एका गल्लीत दोन घरी स्वयंपाकाला जायची. त्यातल्या एका घरच्या ख्रिस्ती शिक्षिकाबाई तिला म्हणाल्या, आमच्या चर्चमध्ये येऊन मागा, तिथे कुणीही आलं तरी चालतं. आईला एवढं पुरे होतं. बुधवारी दुपारी तिनं पिशवीत नारळ टाकला आणि बाबांना व मला पुढे घातलं.

खरं तर तिला गिरणीपेक्षा बाबांची धास्ती होती. मागांच्या खडखडाटावर ओरडून कमावलेला बाबांचा आवाज म्हणजे आमच्या परळच्या चाळीची शान. गणपतीत गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. सगळ्यांच्या वतीनं देवाकडे खड्या आवाजात मागणं मांडायचं आणि दर वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं, हे आमचं कोकणातलं गाऱ्हाणं. कुणी 'व्हय' म्हटलं नाही तर ते तिथेच अडतं. गेल्या गणपतीत बाबा गाऱ्हाण्याला उभेच राहिले नाहीत. तेव्हापासून घरातही 'हं' आणि 'नको' यावर त्यांचं भागत होतं. हे असंच राहिलं तर माणूस आतून विझेल, असं आई मला एकटीला गाठून सांगायची.

गल्ली इतकी शांत होती की तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिटी रस्त्यावर ऐकू येत होती. आमच्या चाळीत अशी शांतता पसरली तर लोक कोण गेलं म्हणून विचारत बाहेर येतील. गल्लीच्या टोकाला ते चर्च होतं. नुसत्या लाल विटांचं, गोल वळत गेलेल्या उंच भिंतींचं, आणि शेजारी विटांचाच एक उभा मनोरा.

"चिमणी," बाबा म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून उच्चारलेला हा पहिला शब्द. "गिरणीच वाटता."

आईचं लक्ष भिंतीकडे. "अगे बाय माझे! गिलावो खंय हा? पैसे सपले असतले बिचाऱ्यांचे."

"आई, तशी पद्धत असते," मी दातओठ खात म्हटलं. मी कॉलेजात होते आणि लाज वाटून घेण्यात माझा हात कुणी धरला नसता.

चपला काढून आईनं दाराशी ठेवल्या. आत चार-पाच म्हाताऱ्या बाकांवर डोळे मिटून बसल्या होत्या. पांढऱ्या झग्यातले, हसऱ्या चेहऱ्याचे पाद्री पुढे आले. बाबांनी हात जोडले. "फादरनू, नारळ खंय फोडूचो?" जन्मात कुणापुढे न वाकलेले माझे वडील परक्या माणसाला बाप म्हणून मोकळे झाले. पाद्री वसईकडचे असावेत, मराठी छान बोलत. नारळ सध्या इथे ठेवा, म्हणाले. मग आईनं गिलाव्याची चौकशी केलीच.

"मुद्दामच नाही केला," ते म्हणाले. "वीट जशी आहे तशी दिसावी म्हणून."

आईनं मान डोलावली आणि ते वळताच कुजबुजली, "असाच सांगतत लोक."

"सांगूचा लागता," बाबा हळूच म्हणाले. "आपण तरी काम गेला म्हणतो? संप चालू हा म्हणतो." ते त्या भिंतीकडे बघत राहिले. चांगलं घर पाहून आलेल्या पाहुण्यासारखे नाही, तर शेजाऱ्याची अडचण कळलेल्या माणसासारखे. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो, तसा तोही आला.

मग काही कळायच्या आत बाबांनी कमरेत वाकून हात जोडले आणि त्यांचा आवाज सुटला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात उभी हत. तुझी रीत आमका ठाऊक नाय. काय चुकला-माकला तर पदरात घे रे म्हाराजा!"

सगळ्या म्हाताऱ्यांचे डोळे खाडकन उघडले. बाबा थांबले. 'व्हय'साठी थांबले. चाळ डोक्यावर घेणाऱ्या माझ्या आईनं ऐन वेळी तोंडाला पदर लावला. त्या एवढ्या मोठ्या जागेत कुणी चूं करेना. बाबांचे खांदे हळूहळू खाली येताना मला दिसले. आता हा माणूस पुन्हा तोंड उघडायचा नाही, हे मला लख्ख कळलं.

"व्हय म्हाराजा!" मी किंचाळले.

विटांनी तो हुंकार घेतला, गोल फिरवला आणि दुप्पट करून परत दिला. बाबांना वाटलं, गावच जमलाय. त्यांची मान वर झाली. "गिरणीचो भोंगो परत वाजांदे रे म्हाराजा!" या वेळी आई आणि मी दोघी ओरडलो. तिसऱ्या वाक्याला पाद्रीबुवाही "व्हय म्हाराजा" म्हणाले. एक म्हातारी "आमेन" म्हणाली, तेही आम्ही चालवून घेतलं.

निघताना पाद्रीबुवांनी मागच्या पायरीवर नारळ फोडून अर्धा आमच्या हातात ठेवला. देवस्थान बरं आहे, असा आईनं बसथांब्यावर निकाल दिला.

भोंगा काही वाजला नाही. बाबा एका गोदामावर वॉचमन झाले. पण पुढच्या गणपतीत ते गाऱ्हाण्याला उभे राहिले. ग्रामदेवतेपासून सगळ्यांना हाक घालून झाली, आजारी माणसं, लग्नाच्या मुली, सगळं मागून झालं. गिरणीचं नाव त्यांनी घेतलं नाही. शेवटी श्वास घेऊन म्हणाले, "आणि शीवेक तो एक देव आसा, तेचे दिवस आपल्यासारखेच हत. तेच्या भिंतींका गिलावो होवांदे रे म्हाराजा!"

कुठला देव, कसला गिलावा, चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. अख्खी चाळ गरजली, "व्हय म्हाराजा!" विटा तशाच उघड्या ठेवायची पद्धत असते हे पक्कं माहीत असूनही सगळ्यांत मोठ्यानं मी ओरडले.