हरभऱ्यातली चोरी

त्या जानेवारीत मी इतकी थकले होते, की औरंगपुऱ्यातल्या आमच्या क्लासचा जिना चढताना मध्येच पायरीवर बसायचे आणि कुणी आलं की चपलेचा पट्टा नीट करत असल्याचं सोंग करायचे. दहावीच्या मुलांचे जादा तास, घरी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. कितीही झोपले तरी अंग गळालेलंच. शेवटी नवरा म्हणाला, "जा पिशोरला. आईकडं मी बघतो."

पिशोरला माझी आत्या राहते. सत्तरीची, काटकुळी, तुरुतुरु चालणारी. पहिले दोन दिवस तिनं मला नुसतं झोपू दिलं. नंतर एका दुपारी पांघरूणच ओढलं.

"ऊठ. हरभरा खायला जाऊ."

"कुणाच्या शेतातला?"

"हाय एकाचं वावर. लई खडूस माणूस. गप चल."

शिकवणाऱ्या बाईनं चोरी करावी का, हा प्रश्न मला बांधापर्यंत छळत होता. घाट्यांनी लगडलेला हिरवागार हरभरा दिसला आणि तो प्रश्न आपोआप सुटला. आम्ही वाकून आत शिरलो, रोपं उपटली आणि तिथंच फतकल मारून सोलून खाऊ लागलो. कोवळे, गोड दाणे. पाल्यावरच्या आंबट आंबेनं ओठ चुरचुरत होते. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "कोण हाय रं हरभऱ्यात?"

मी पळाले. आत्याला तिथंच टाकून! ओढणी बाभळीत अडकली, ती तशीच सोडली, पाण्याचा चर एका उडीत ओलांडला आणि थेट रस्त्यावर येऊन थांबले. छाती धपापत होती आणि हसू काही थांबेना.

बऱ्याच वेळानं आत्या आरामात आली. खांद्यावर माझी ओढणी, हातात हरभऱ्याची जुडी.

"अगं, आपलंच वावर हाय ते. वरडले ते तुझे मामा." आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो.

"मग खोटं कशाला बोललीस?"

"आपलं म्हणलं असतं तर उठली असतीस व्हय तू?"

संध्याकाळी मी तिसरी भाकरी मोडली तेव्हा मामा गंभीरपणे म्हणाले, "आज रानात चोर शिरला व्हता. पंजाबी ड्रेस घातलेला."

"धरला नाय का?" आत्या.

"कसा धरू? हरणावाणी पळालं की ते!"

मला जोराचा ठसका लागला. आत्यानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि कानाशी वाकून म्हणाली, "उद्या खरंच दुसऱ्याच्या वावरात जाऊ."