पोराच्या अंगावरचा जुब्बा

डॉक्टर वसीला खमीरींकडे रक्त तपासायला जायचं म्हटलं की आधी टोपली भरायची, हे आमच्या डोंगरातल्या सगळ्यांना आता पाठ झालं आहे. रोगी पुढे, टोपली मागे. आठवडाभरात घरात जे शिजलं, उकळलं, चोळलं, ते सगळं त्या टोपलीत हवं. भाकरी, हरीसाच्या तिखट चटणीची बाटली, वाळलेला पुदिना, हकीमाची पुडी, अगदी उंदराचं औषधसुद्धा. बाई एकेक जिन्नस उचलतात, उलटासुलटा करतात, हुंगतात. "काय बिघडलं ते रक्त सांगतं," त्या म्हणतात, "कशानं बिघडलं ते टोपली सांगते."

अकरा वर्षांपूर्वी राजधानीतल्या मोठ्या इस्पितळातली जागा सोडून त्या इथे आल्या, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. काहीतरी भानगड असणार, नाहीतर एवढी शिकलेली बाई या साठ खाटांच्या इस्पितळात कशाला येईल? भानगड काही निघाली नाही. निघाल्या त्या फक्त रोज सकाळी सात वाजता खिडकीशी सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या बाई. इतर ठिकाणी मोठे डॉक्टर रक्ताचा छापील कागद वाचतात. या अजूनही काचेवर थेंब स्वतः पसरतात. प्रयोगशाळेतला मोंजी याला वेड म्हणतो, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं की त्याच्या अंगावर धावून जातो.

देवानं बाईंना सगळं दिलं, फक्त एप्रिल महिना दिला नाही. रानातल्या बुचाच्या ओक झाडांना मोहर आला की बाईंचं नाक जे बंद होतं ते मे उजाडेपर्यंत. आणि नेमका एप्रिलमध्येच स्कंदर आला.

चार वर्षांचा पोर. शनिवारी त्याची सुंता झाली, ढोल वाजले, कुसकुसची परात रिकामी झाली. मंगळवारी त्याचे ओठ पांढरे, डोळे पिवळे आणि लघवी चहाच्या चोथ्यासारखी. जखमेतून रक्त गेलं असेल म्हणावं तर जखम छान कोरडी. हिमोग्लोबिन मोजलं तर बारा हवं तिथे चार. बाईंनी काच बघितली. तांबड्या पेशींचे कुणीतरी लचके तोडले होते, पोरं भाकरीचा कड तोडून पळतात तसे.

"बाकला," बाई म्हणाल्या. काही पोरांच्या रक्तात एक रसायन जन्मतःच कमी असतं. त्यांनी बाकल्याच्या शेंगा खाल्ल्या की पेशी फुटतात. वसंतात बाकला दारोदार असतो, आणि दरवर्षी अशी दोनतीन पोरं येतातच.

"कुराणावर हात ठेवून सांगते, एक दाणाही नाही खाल्ला," पोराची आई हयात म्हणाली. "त्याला बाकला बघूनच उलटी येते."

मग टोपली आली. ती घेऊन आली हयातची आई, मबरूका. मबरूकाखालाची जीभ गावात प्रसिद्ध आहे.

"घे पोरी, बघ," ती म्हणाली. "चूल तेवढी राहिली आणायची. पण सापडायचं नाही काही. ही नजर आहे. माझा पोरगा हबीबही असाच गेला, पस्तीस वर्षांपूर्वी. सुंतेनंतर पाचव्या दिवशी. त्या सालहाची दृष्ट लागली त्याला. घाऱ्या डोळ्यांची मेली! दारात उभी राहून म्हणाली, किती गोड दिसतोय गं!"

"आणि आत्ता? आत्ताही सालहा आली होती?"

मबरूकानं टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "नाही," ती म्हणाली. "दाराला कडी होती. तिला दिसू नये म्हणून खिडकीला गोधडी लावली होती मी."

टोपलीत काही सापडलं नाही. बाईंनी पोराला एक बाटली रक्त चढवलं. आकडा साडेसहावर गेला. त्या दिवशी त्या दोनदा त्याच्या खाटेवर बसल्या, त्याचा हात हातात घेतला, गाढवाचा आवाज काढून त्याला हसवलं. शहरात पाठवलेल्या नमुन्याचाही निरोप आला: रसायन बरोबर आहे, दोष नाही. शिकाऊ डॉक्टर हिरमुसला. बाई म्हणाल्या, "म्हाताऱ्या पेशी फुटून गेल्या. उरल्या त्या तरण्या, त्यांच्यात ते असतंच. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. त्या कागदावर मी विश्वास ठेवत नाही."

बुधवारी सकाळी आकडा पुन्हा पाचावर घसरला होता. म्हणजे जे काही त्याला खात होतं ते अजून खातच होतं, इस्पितळात, बाईंच्या डोळ्यांदेखत. पुढची बाटली ऐंशी किलोमीटरवरून यायची होती. बाईंनी आतापर्यंत पुष्कळ पोरं वाचवली आणि काही गमावली होती. पण कारण कळल्याशिवाय पोर गमवायचं, हे त्यांना मान्य नव्हतं; टोपली खाटेशी ओढून त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून उपसायला घेतली.

तेवढ्यात मोंजी रक्त काढायला आत आला आणि दारातच थांबला.

"कुणी कपाट उघडलंय का? माझ्या आजीच्या पेटीत डोकं घातल्यासारखं वाटतंय."

"कसला वास?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला येत नाही? अहो, डांबरगोळ्यांचा! या पोराच्या झग्याला!"

परिचारिकांना वाटलं होतं, फिनेल असेल. घरच्यांची नाकं त्या वासाला सरावलेली. आणि पोरगा शनिवारपासून सुंतेचा लाल मखमली जुब्बा अंगातून काढू देत नव्हता. सैल कपडा, जखमेला बरा, म्हणून कुणी जोरही केला नव्हता. तो झोपला त्यातच, इस्पितळात आला त्यातच. टोपलीत घरातलं सगळं होतं. जुब्बा तेवढा नव्हता, कारण तो पोराच्या अंगावर होता.

बाकला खाऊन अशा पोरांच्या रक्ताचं जे होतं, तेच डांबरगोळ्यांच्या वाफेनंही होतं. बाईंनी स्वतः तो जुब्बा डोक्यातून ओढून काढला. स्कंदरनं इस्पितळ डोक्यावर घेतलं, बाईंना लाथही मारली. त्यांनी त्याला पाण्यानं पुसलं, चादर बदलली, खिडकी उघडली.

मबरूका मात्र दुखावली. "माझ्या बापाच्या सुंतेचा जुब्बा आहे तो! हबीबनंतर पस्तीस वर्षं पेटीत जपला. एक कसर लागू दिली नाही. दरवर्षी मूठभर नव्या गोळ्या!"

गुरुवारी आकडा घसरायचा थांबला. शुक्रवारी लघवी स्वच्छ झाली. शनिवारी स्कंदरनं मोंजीच्या बोटाला चावा घेतला, आणि पोर वाचलं हे सगळ्यांना कळलं.

"म्हातारीला काही सांगू नका," मोंजी बोट चोखत म्हणाला. "नजर म्हणते ना, म्हणू दे. नजरेनं कुणाचं काय बिघडतंय?"

"सालहाचं," बाई म्हणाल्या.

पण सांगायची वेळ मबरूकानंच आणली. दार लोटून आत आली, खुर्चीवर बसली नाही.

"पोरी, हबीबच्या वेळीही जुब्बा त्याच पेटीतून काढला होता. गोळ्या तेव्हाही होत्या." तिच्या हातात रुमालाचा बोळा झाला होता. "नजर नव्हती ना?"

"नव्हती, खाला."

"मग माझ्याच हातांनी गेला तो."

खोटं बोलणं सोपं होतं. बाई खुर्चीवरून उठून तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

"तू कसर लागू नये म्हणून गोळ्या टाकल्यास. माझी आईही टाकते. तुझ्या हबीबच्या रक्तात काय कमी होतं हे तेव्हा या डोंगरात कुणालाच माहीत नव्हतं. मला तर सगळं माहीत होतं. पंचवीस वर्षं हेच शिकले. तरी मंगळवारी दोनदा स्कंदरच्या उशाशी बसले आणि मला वास आला नाही. दोषी हात धरायचे तर आधी माझे धर."

मबरूकानं खरंच त्यांचे हात धरले आणि ती रडली. बाईही रडल्या. नाक आधीच वाहत होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही असं त्यांना वाटतं.

जाताना म्हातारी दारात वळली. "पस्तीस वर्षं मी सालहाच्या दारावरून थुंकून गेले गं," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

तीन महिन्यांनी, गव्हाची कापणी आटोपल्यावर, स्कंदर पुन्हा तपासणीला आला. या वेळी शहराचा कागद बाईंच्या बाजूनं बोलला: रसायन कमी, जन्मापासून. बाईंनी काय टाळायचं त्याची यादी हयातच्या हातात दिली. बाकला वर, डांबरगोळ्या त्याच्याही वर.

"आणि टोपली कुठंय?" त्यांनी चेष्टेनं विचारलं.

"आणलीय की," मबरूका म्हणाली. "तू म्हणतेस ना, राहिलेलं सगळं आण." आणि तिनं बाहेरून एका म्हातारीला मनगट धरून आत आणलं. डोक्यावरची शाल भुवयांपर्यंत ओढलेली, नजर फरशीवर. "ही सालहा. तू सांग हिला. मला सांगितलंस तसं. मी चार दिवस हिच्या दारात बसले, पण तोंडातून शब्द फुटत नाही."

"शिव्या बऱ्या फुटायच्या," सालहा खाली बघतच म्हणाली.

बाईंनी सांगितलं. सोप्या शब्दांत, हबीबचं नाव घेऊन. नजर नव्हती. कुणाचीच नव्हती.

सालहानं आपलं मनगट सोडवून घेतलं. मग म्हणाली, "माझी नव्हती हे मला ठाऊक होतं. पहिली काही वर्षं. मग सगळा गाव म्हणतोय म्हटल्यावर वाटायला लागलं, असेलही. माझ्या स्वतःच्या नातवंडांकडे मी कधी धड बघितलं नाही. आली की शाल ओढायची, तोंड फिरवायचं. त्यांना वाटतं, आजी रागीट आहे."

मोंजी उगाचच नळ्या पुसायला लागला. मबरूकानं स्कंदरला दंडाला धरून पुढे ओढलं आणि सालहाच्या गुडघ्यांना लावून उभं केलं. मग स्वतःच्या हातांनी तिची शाल मागे सारली.

"बघ," ती म्हणाली. "डोळे भरून बघ. आणि म्हण, तेव्हा म्हणाली होतीस ते."

सालहानं मान वर केली. डोळे खरंच घारे होते, आणि भरलेले.

"किती गोड दिसतोय गं," ती म्हणाली.

स्कंदरनं तिला जीभ काढून दाखवली.