दारापर्यंत जाऊन येतो

किस्से कुणी गोळा करत नसतं हो, ते गाडीवरच्या धुळीसारखे आपोआप साठतात! आमच्या सदाशिव पेठेतल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तर गाडीगणिक एक किस्सा आहे. कारण त्यातली प्रत्येक गाडी तळमजल्यावरच्या बापटकाकांनी शोरूममध्ये घासाघीस करून मिळवून दिलेली.

काका स्वतः मात्र जुन्या स्कूटरवर. काकूंचे गुडघे दुखतात, मागच्या सीटवर चढताना त्यांचा चेहरा बघवत नाही. "काका, आता गाडी घ्याच," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "दिवाळीत भाव चढे असतात. डिसेंबरात उतरतील." डिसेंबरात विचारलं तर, "आता जानेवारीत नवं मॉडेल येतंय!" काकू तोवर गुडघ्याला बाम चोळून घेत.

*

माझ्या गाडीच्या वेळी काकांनी नियम सांगितला, "शोरूममध्ये गाडीचं कौतुक करायचं नाही. मयताला आल्यासारखं तोंड ठेवायचं."

ठेवलं. तेवढ्यात सेल्समनने सनरूफ उघडलं आणि माझ्या तोंडून गेलं, "आई शप्पथ, काय भारी!"

काका सेल्समनला म्हणाले, "याच्याकडे लक्ष देऊ नका. हा वडापावलाही असंच म्हणतो."

*

वरच्या मजल्यावरच्या शेखभाईंना घेऊन आम्ही हडपसरच्या शोरूमला गेलो. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "सर, या किमतीत आम्हाला काहीच सुटत नाही."

"अरेरे!" काका कळवळले. "मग शोरूम कशाला, अन्नछत्र काढायचं ना!"

आणि उठले. हा त्यांचा हुकमी एक्का! "दारापर्यंत गेल्याशिवाय खरी किंमत कळत नाही," असं ते नेहमी सांगतात. दाराला हात लावला, की मागून "सर, एक मिनिट!" आलंच. शेखभाईंना घसघशीत सूट मिळाली, वर सीट कव्हर फुकट. त्या ईदला काकांकडे शीरखुर्म्याचं पातेलंच आलं.

*

पुढे माझ्या मेहुण्यासाठी तिथेच गेलो. तोच मॅनेजर. काकांना बघून म्हणाला, "सर, शेवटची किंमत आत्ताच सांगू, की दारापर्यंत जाऊन येताय?"

"जाऊन येतो," काका म्हणाले, "सवय मोडायला नको."

*

अखेर परवा काका स्वतःच्या गाडीसाठी निघाले. मी काकूंना म्हटलं, माझ्या गाडीतून चला. काका म्हणाले, "नको! गाडीतून आलेलं गिऱ्हाईक श्रीमंत वाटतं." म्हणजे हडपसरपर्यंत काकू पुन्हा स्कूटरवरच.

नियम त्यांना पढवलेला होताच. मयताचं तोंड करून त्या नव्या गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. सीटवरून हळूच हात फिरवला, तेवढाच. मी मनात म्हटलं, काका, आज तरी ताणू नका!

पण काका ते काकाच. तासभर ताणलं. मॅनेजर एका आकड्यावर अडला तो अडलाच.

"ठीक आहे. चल गं!" म्हणत काका उठले. दारापर्यंत गेले. दाराला हात लावला. मागून हाक नाही. उगाच चष्मा काढून पुसला. तरी हाक नाही!

वळून बघतात तर मॅनेजर गालात हसतोय, आणि काकू गाडीतच. सीटबेल्ट लावून.

"अहो, तुम्ही व्हा पुढे स्कूटरवरून," काकू शांतपणे म्हणाल्या. "मी हिच्यातून येते."