दोन ओळींची लाकडी शाळा

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि जिल्हा परिषद तर त्याहूनही नवी. बुलढाण्याला तिच्या बांधकाम विभागात मी आरेखक म्हणून लागलो. आरेखक म्हणजे नकाशे काढणारा. पण खरं सांगायचं तर मी नकाशे काढत नव्हतो, गिरवत होतो. दवाखाना असो की पंचायतीची खोली, नमुना ठरलेला. त्याखाली गावाचं नाव लिहायचं, उत्तर दिशेचा बाण थोडा फिरवायचा, झालं.

आमचे इंजिनियर साहेब पुण्याकडून बदलून आलेले. माणूस कडक, पण मनात एक आणि तोंडात एक असं त्यांचं कधी नसे. एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू आदिवासी मुलांची आश्रमशाळा होती. ती कापसाच्या एका रिकाम्या गोदामात भरायची. तिच्यासाठी नवं आवार बांधायचं होतं. वर्ग, मुलांना राहायला खोल्या आणि स्वयंपाकघर.

"विटांची लांब बराक, वर टिनं. नमुना आहेच तुमच्याकडे," साहेब म्हणाले.

"साहेब, एकदा जागा पाहून येऊ का?"

"जागेत काय पाहायचंय? सपाट करून घेऊ."

तरी त्यांनी जाऊ दिलं. मला जावंसं वाटायला कारण होतं. मी जिल्ह्यातल्याच उंद्री गावचा. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी खामगावला वसतिगृहात राहून शिकत होतो, आणि वडील तिथल्याच लाकडाच्या वखारीत करवत ओढत. वसतिगृहात खायला मिळे, शिकायला मिळे, कुणी वाईट वागत नसे. पण त्या लांबलचक खोलीत मला कधी घरी असल्यासारखं वाटलं नाही. ती खोली कुणालाही ठेवायला चालली असती, माणसांना काय आणि पोत्यांना काय. सुट्टी लागली की मी वखारीत जाऊन सागाच्या फळ्यांवर पडे. तिथं मला झोप लागायची.

शाळेवर एकच गुरुजी होते, रोहिणखेडचे. दोन-तीन वर्षांत ते कोरकू भाषा चांगली बोलायला शिकले होते. गोदामाला खिडकी नव्हती. मुलं दाराजवळ एकमेकांना चिकटून झोपत आणि आतली अर्धी जागा रिकामीच राही. बाजाराच्या दिवशी आईबाप खाली उतरले की मुलं त्यांच्या मागोमाग डोंगरात निघून जात.

"मी जाऊन आणतो परत," गुरुजी म्हणाले. "अभ्यासाले कंटाळले असते तं समजलो असतो. अभ्यास आवडते त्याईले. हे घर आवडत नाही."

दुसऱ्या दिवशी ते मला मुलांच्या गावात घेऊन गेले. चढण संपली आणि एकदम सरळ, रुंद, झाडून लख्ख केलेला रस्ता लागला. दोन्ही बाजूंना घरांची एकेक ओळ. सागाचे खांब, बांबूचे कूड, त्यांवर मातीचा हात आणि वर कौलं. एका ओळीतल्या प्रत्येक घराचं दार समोरच्या ओळीतल्या घराकडे पाहत होतं. इतकी नेटकी आखणी मी शहरातही पाहिली नव्हती.

गावच्या पाटलाला तिथं पटील म्हणतात; त्या पटलांच्या ओसरीवर आम्ही बसलो. मी विचारलं, "घरं अशी समोरासमोर काऊन बांधता?"

पटलांनी मला नीट पाहून घेतलं. "समोरचं दार दिसलं पाह्यजे बाबू. कोन आलं, कोन गेलं, कोनाच्या घरची चूल नाही पेटली, सारं समजते. माणूस एकटा नाही पडत."

त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यातली बराक मोडून पडली. बराकीत सगळी दारं एका बाजूला, आणि समोर नुसतं मैदान. मुलं दाराशी गोळा होऊन काय शोधत होती, ते मला कळलं.

मी तिथेच मुक्काम ठोकला. पटलांची थोरली बहीण विधवा होऊन माहेरी आलेली होती. सगळं गाव तिला आत्या म्हणे, मीही म्हणू लागलो. तिच्या हातची ज्वारीची भाकर खात मी ओसरीवर कागद पसरले. मधे गावातल्यासारखाच रस्ता, त्याच्या एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला राहण्याच्या खोल्या, दारासमोर दार. भिंती कुडाच्या, सांगाडा सागाचा. पावसाळ्यात डोंगराचं पाणी शाळेच्या जागेवरून वाहतं असं गुरुजींनी सांगितलं होतं. म्हणून जमीन उचलायची ठरवली. दगडी बैठकीवर खांब, आणि माणसाच्या छातीइतक्या उंचीवर फळ्यांचा तळ. शेतात राखणीसाठी माळे असतात, मुलं त्यांवर झोपायला सरावलेली. तोच माळा मोठा करून मी खोलीखाली घातला.

कागदावरचं कुणाला उमगेना. मग मी शाळेच्या जागेवर राखेच्या रेघांनी अख्खं आवार आखून दाखवलं. सगळं गाव त्या रेघांमधून फिरलं. आत्या एका न बांधलेल्या खोलीच्या दारातून आत गेली, खाली बसली आणि समोर पाहून म्हणाली, "इथून मले समोरचं पोरगं दिसते. बरं हाये. पण रांधायचं घर तिकडं मागं काऊन लपवलं? रस्त्याच्या टोकाले आना त्याले. धूर दिसला की लेकराईले धीर येते."

मी राख पुसली आणि स्वयंपाकघर रस्त्याच्या टोकाला आणलं.

एका गोष्टीवर मात्र पटील अडले. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली कोरीव सागवानी फळ्या उभ्या होत्या, त्यांवर घोडेस्वार, सूर्य आणि चंद्र. मला वाटलं, हेच शाळेच्या खांबांवर कोरावं. पटलांनी मान हलवली. "ते गेलेल्या माणसाईचं हाये बाबू. शाळेवर जित्याईचं पाह्यजे." मग काय कोरायचं ते त्यांनी मुलांनाच विचारलं. मोर, ढोल, मोहाचं पान, आणि एका मुलीनं सांगितलं, शेळी. प्रत्येक दारावर वेगळं. अक्षर न येणाऱ्या मुलालाही आपली खोली कळेल, म्हणून गुरुजी खूष झाले.

बुलढाण्याला साहेबांनी नकाशा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"हे काय आहे?"

"शाळा, साहेब."

"लाकडाची? सगळं जग विटा-सिमेंटकडे चाललंय आणि तुम्ही कुडाच्या भिंती काढता? वाळवी लागेल."

"खांब दगडावर आहेत साहेब. जमिनीला लाकूड टेकतच नाही."

"आग?"

"चूल रस्त्याच्या टोकाला, वेगळ्या इमारतीत आहे, आणि दोन ओळींमधे रुंद रस्ता."

"आणि हा फळ्यांचा तळ? मुलं काय गप्प बसणार आहेत त्यावर? उड्या मारतील. मोडून पडला तर उत्तर तुम्ही देणार की मी?"

मी म्हणालो, "साहेब, तिथल्या मुलांसाठी बांधायचं तर त्यांना आपलं वाटेल असं बांधू. नाहीतर उत्तम इमारत उभी राहील आणि आत कुणीच नसेल."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि नकाशा जवळ ओढला. मग म्हणाले, "एक खोली उभी करून दाखवा. मी स्वतः येऊन भार टाकून पाहीन. तळ दबला तर बराक. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

ते दिवस श्रमदानाचे होते. गावानं खोली अंगावर घेतली. पुरुषांनी खांब तासले, बायांनी कूड विणले आणि लिंपले. मी वखारीत पाहिलेली विद्या बाहेर काढली. प्रत्येक फळी पाहून, गाठी असलेल्या बाजूला काढून, निबर तेवढ्या तळासाठी निवडल्या. खोली उभी राहिली तेव्हा चैत्र लागला होता. उन्हात नवं सागवान सोन्यासारखं दिसत होतं. मी त्यावरून हात फिरवत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मी काढलेली रेघ खरी झाली होती.

साहेब ठरल्या दिवशी जीपनं आले. भारासाठी वाळूची पोती खालून ट्रकनं यायची होती. ऊन चढलं तरी ट्रक येईना. अखेर सायकलवरून एक माणूस निरोप घेऊन आला, ट्रक पूर्णा नदीच्या पलीकडेच बंद पडला होता.

साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली. "आता पावसाळ्यानंतर पाहू. तोवर मला इकडे येणं जमायचं नाही."

पावसाळ्यानंतर म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्षभरात बराक झालीच असती.

आत्या बायांच्या घोळक्यात उभी होती. तिनं गुरुजींना विचारलं काय झालं ते, आणि सरळ साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"पोते कायले पाह्यजे साहेब? आमी हावो ना."

साहेबांना कळेना. गुरुजींनी समजावलं, "त्या म्हणतात, वाळूऐवजी आम्ही उभ्या राहतो."

"उभं राहून भागणार नाही," साहेब म्हणाले. "तिथं मुलं धावणार, नाचणार."

"मंग आमीबी नाचतो!" आत्या म्हणाली.

सगळ्या बाया हसल्या. साहेबही हसतील असं वाटलं, पण ते विचारात पडले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोतं उडी मारत नाही. ही परीक्षा जास्त अवघड आहे. तुमची तयारी आहे?"

मी हो म्हणालो.

बाया पायऱ्या चढून वर गेल्या. पुरुषांनी खाली ढोल घेतले. खोलीत मावेना इतकी गर्दी झाली, तेव्हा आत्यानं फेर धरला. आधी संथ, मग ढोलाबरोबर जलद. सगळ्यांचं पाऊल एकाच वेळी फळीवर पडायचं आणि अख्खी खोली एखाद्या मोठ्या ढोलासारखी घुमायची. तळ किती दबतो ते मोजायला साहेबांनी दोन खांबांमध्ये दोरी ताणून घेतली, हातात पट्टी घेतली आणि पांढऱ्या शर्टानिशी तळाखाली शिरले. मी त्यांच्या पाठोपाठ. वरून माती आमच्या डोक्यावर पडत होती. दर पावलाला तळ इवलासा खाली यायचा आणि लगेच वर जायचा. मी पट्टीकडे पाहत होतो.

वरचे पाय मंदावले. साहेब खालून ओरडले, "थांबू नका! अजून जोरात!"

गुरुजींनी ते कोरकूत सांगितलं आणि वर एकच जल्लोष झाला. आता पटीलही वर चढले, त्यांच्यामागे ढोलवाले चढले, आणि मुलांनी तर उड्याच मारायला सुरुवात केली. साहेब गुडघ्यांवर बसून एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकत होते, दोरीला पट्टी लावून पाहत होते. शेवटी नाच थांबला. त्यांनी पुन्हा एकदा मोजलं.

"तळ एक सूतही बसला नाही," ते म्हणाले. "होता तिथे परत आला."

बाहेर आले तेव्हा त्यांचे केस मातीनं भरले होते. त्यांनी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि सगळ्यांसमोर मंजुरीची सही केली. मग आत्याकडे वळून हात जोडले. "बाई, अशी परीक्षा मी नोकरीत कधी घेतली नव्हती."

"पास झालो ना?" आत्यानं विचारलं.

"पहिल्या नंबरानं."

मला रडू आलं आणि हसूही आलं. गुरुजींनी मला मिठीच मारली.

पुढच्या वर्षी दोन्ही ओळी पुऱ्या झाल्या. मुलं गोदामातून आपापली वाकळ उचलून आली आणि दारावरचं चित्र शोधत खोल्यांत शिरली. शेळीच्या दारासाठी भांडण झालं, ते गुरुजींना सोडवावं लागलं. पहिला बाजार आला. आईबाप आले, मुलांनी त्यांना हाताला धरून खोल्या दाखवल्या. संध्याकाळी आईबाप गेले आणि मुलं राहिली. हे सांगायला गुरुजी खास बुलढाण्याला आले. नुसतं पत्र पाठवून त्यांचं समाधान झालं नसतं.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले, हारतुरे झाले, भाषणं झाली. शेवटी पटलांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते माइकसमोर गेले आणि कोरकूत बोलू लागले. मंचावरचे पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. समोर बसलेली माणसं मात्र खदखदून हसत होती, टाळ्या वाजवत होती.

साहेब माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी गुरुजींकडे वाकून विचारलं, "काय म्हणतायत?"

गुरुजी जरा घुटमळले. "म्हणतात, ही शाळा आम्ही बांधली. सरकारनंही बरीच मदत केली, त्याबद्दल सरकारचे आभार."

साहेब उठून उभे राहिले आणि सगळ्यात जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.